भाडे स्वस्त, पण हक्कांचे काय? परराज्यात जाण्याआधी करायचा हिशोब



गेल्या महिन्यात कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत रविवारची वंदना संपल्यावर एक जोडपे विहारातच थांबले. नवरा एका कुरिअर कंपनीच्या गोदामात कामाला, बायको दोन घरी पोळीभाजी करते. मूळ गाव जळगाव जिल्ह्यात. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. नवऱ्याच्या हातात वही होती. "ताई, कंपनी इंदूरच्या गोदामात पाठवायला तयार आहे. तिकडं स्वस्ताई आहे म्हणतात. आम्ही हिशोब मांडलाय, तुम्ही एकदा नजर टाका."

हिशोब नीट मांडला होता. चाळीतल्या खोलीचे भाडे 5,500, इंदूरला 3,000. म्हणजे अडीच हजार वाचले. लोकलचा पास आणि रिक्षा धरून 700 वाचले. शाळेची फी आणि ट्यूशनचे 800. एकूण चार हजार. पगार मात्र 15,500 वरून 14,000 होणार, म्हणजे दीड हजार कमी. हातात उरले महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार.

"चार वर्षांत पोरीच्या कॉलेजची सोय होईल," तो म्हणाला.

मी वही दोनदा वाचली. त्या माणसाचा हिशोब चुकला नव्हता. पण ज्या कॉलेजसाठी तो तीस हजार वाचवणार होता, त्याच कॉलेजचा रस्ता या स्थलांतराने अवघड होणार होता, आणि वहीत त्यासाठी एकही रकाना नव्हता. असा प्रश्न घेऊन येणारे हे पहिले कुटुंब नाही. मुंबई, ठाणे, पुणे येथे भाडे परवडत नाही म्हणून इंदूर, सुरत, हैदराबाद, रायपूरचा विचार करणारी आपली अनेक तरुण कुटुंबे मला कामात भेटतात. म्हणून हा हिशोब सगळ्यांसमोर मांडते आहे.

स्थलांतर आपल्याला नवे नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गाव सोडणे, शहर बदलणे हा आपल्या समाजासाठी पळपुटेपणा कधीच नव्हता. बाबासाहेबांनी गावगाड्याचे खरे रूप ओळखले होते आणि अस्पृश्यांच्या मुक्तीची वाट गावकुसाबाहेरच्या त्या जागेतून बाहेर पडण्यात पाहिली होती. त्यांचे स्वतःचे घराणे आंबडव्याचे, जन्म महूचा, बालपण दापोली आणि साताऱ्याचे, शिक्षण मुंबईचे. रामजीबाबा नोकरीसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी फिरत राहिले. गिरणी, रेल्वे, गोदी, लष्कर, आयुध निर्माणी यांच्या आधाराने आपल्या आजोबा-पणजोबांनी गाव सोडले म्हणून आज आपण हे वाचतो-लिहितो आहोत.

पण त्या स्थलांतरात आणि आजच्या विचारात एक फरक आहे. जळगावहून कल्याणला आलेल्या कुटुंबाने जिल्हा ओलांडला होता, राज्य नाही. जातीचा दाखला तोच राहिला, शिष्यवृत्ती तीच राहिली, आरक्षण तेच राहिले. तेव्हा काही गेले नाही, म्हणून आता राज्य ओलांडतानाही काही जाणार नाही असे आपण गृहीत धरतो. तिथेच फसगत होते.

आधी पैशांचा हिशोब पुरा करू

स्वस्ताई म्हणजे फक्त भाडे नव्हे. जिथे घर स्वस्त असते तिथे बहुतेक वेळा मजुरीही स्वस्त असते. याचा एक सरळ मापदंड म्हणजे केंद्राने राज्यवार ठरवलेले मनरेगाचे दर. 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला 312 रुपये होता. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा 261, गुजरातचा 288, तेलंगणाचा 307. शहरातल्या गोदामाचा पगार या दराने ठरत नाही, हे खरे. पण तिथल्या श्रमाच्या बाजारात हाताला काय भाव आहे, याचा अंदाज त्यातून येतो. कंपनीने बदलीबरोबर पगार दीड हजाराने का कमी केला, याचेही उत्तर इथे मिळते.

दुसरे, वहीत बायकोच्या कमाईचा उल्लेखच नव्हता. तिला दोन घरांतून महिन्याला पाच हजार मिळतात. ही कामे तिला विहारातल्या बायकांच्या ओळखीतून मिळाली आहेत. ती कामावर असताना धाकट्याकडे शेजारची मावशी बघते. नव्या शहरात ना ओळख, ना मावशी. मी विचारले, "ताई, तिकडे गेल्यावर तुम्हाला काम मिळायला किती दिवस लागतील?" ती म्हणाली, "ते तर कुणी विचारलंच नाही."

तिचे पाच हजार सहा महिने थांबले तर तीस हजार तिथेच गेले. म्हणजे पहिल्या वर्षाची सगळी बचत संपली. शिवाय सामान हलवायचा खर्च, नव्या खोलीचे डिपॉझिट, वर्षातून दोनदा गावी येण्याचे भाडे, घरी सुख-दुःखाला धावून येण्याचा खर्च वेगळाच. समाजशास्त्रात सामाजिक भांडवल म्हणून एक संकल्पना शिकवतात. आपल्या वस्तीत तिचा अर्थ इतकाच की अडचणीला कोण धावून येते. ते बसवर चढवून नेता येत नाही.

यादी राज्याची आहे

आता मूळ मुद्दा. संविधानाच्या अनुच्छेद 341 नुसार राष्ट्रपती अनुसूचित जातींची यादी प्रत्येक राज्यासाठी वेगळी जाहीर करतात. एखादी जात अनुसूचित आहे ती त्या राज्याच्या संबंधात. 1950 च्या आदेशात अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. पण यादी राज्यवार राहिली.

अनेकांना वाटते की महार जात मध्य प्रदेशच्या यादीत आहे, गुजरातच्या यादीत आहे, मग अडचण काय? अडचण अशी की नाव दोन्ही यादीत असले तरी तुमचे मूळ राज्य एकच धरले जाते. 10 ऑगस्ट 1950 रोजी, म्हणजे आदेश निघाला त्या दिवशी, तुमचे पूर्वज कुठे कायमचे राहत होते, यावर ते ठरते. जळगावच्या कुटुंबाचे उत्तर महाराष्ट्र असेच येणार. इंदूरला वीस वर्षे राहिले, घर घेतले, मुले तिथेच जन्मली, तरी मध्य प्रदेशाच्या राज्य सेवेत आणि राज्य कोट्यात ते अनुसूचित जातीचे धरले जात नाहीत.

या नियमाची कथा मुंबईतच घडली आहे. मरी चंद्रशेखर राव हा आंध्र प्रदेशातला अनुसूचित जमातीचा मुलगा. वडिलांना केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमात राखीव जागेवर नोकरी मिळाली आणि नऊ वर्षांचा असताना तो त्यांच्याबरोबर मुंबईत आला. इथेच शिकला. वैद्यकीय प्रवेशासाठी त्याने राखीव जागा मागितली, ती नाकारली गेली. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा नकार योग्य ठरवला. एका राज्यातले मागासलेपण दुसऱ्या राज्यात तसेच असेल असे नाही, म्हणून दर्जा बरोबर नेता येत नाही, असा त्यामागचा तर्क. 1994 मध्ये दुसऱ्या घटनापीठाने हेच पुन्हा सांगितले. तो खटलाही महाराष्ट्रात आलेल्या स्थलांतरितांच्या दाखल्यांवरूनच उभा राहिला होता. 2018 मध्ये तिसऱ्या घटनापीठाने राज्यांबाबत तोच नियम कायम ठेवला, फक्त केंद्रीय सेवा आणि दिल्लीसाठी देशभरातल्या अनुसूचित जातींना वाट मोकळी ठेवली. त्याच वर्षी लग्न होऊन पंजाबातून उत्तराखंडात गेलेल्या महिलेलाही उत्तराखंडच्या नोकरीत राखीव जागा मिळणार नाही, असा निकाल आला. लग्नानिमित्त राज्य ओलांडणाऱ्या आपल्या मुलींनी हे लक्षात ठेवले पाहिजे.

1 ऑगस्ट 2024 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करायला मुभा दिली. तेलंगणाने 14 एप्रिल 2025 पासून तीन गट करून ते लागूही केले. यादी राज्याची होतीच, आता यादीतले गटही राज्याचे होऊ लागले आहेत. म्हणजे राज्याची सीमा आपल्यासाठी पूर्वीपेक्षा जास्त ठळक होत चालली आहे.

या सीमा किती नाजूक आहेत पाहा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचनेने ते मुंबई राज्यात आले. ज्या मातीवर आपण दीक्षा घेतली, ती त्या दिवशी महाराष्ट्रात नव्हती. कागदावरची रेघ थोडी इकडे-तिकडे झाली आणि बालाघाट, छिंदवाड्याचे आपले सोयरे एका राज्याचे झाले, आपण दुसऱ्या.

काय बरोबर येते, काय मागे राहते

घाबरून जाण्यासारखेही नाही. बऱ्याच गोष्टी बरोबर येतात.

केंद्र सरकारच्या नोकऱ्या, बँका, रेल्वे, केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी, नीटचा 15 टक्के अखिल भारतीय कोटा यांत तुमचा अनुसूचित जातीचा हक्क देशात कुठेही राहिलात तरी कायम असतो. वडिलांच्या मूळ राज्यातल्या दाखल्याच्या आधारे, राहत्या राज्यातूनही मुलांना केंद्रीय कामासाठी दाखला मिळू शकतो. 1982 च्या केंद्रीय सूचनांनी ही सोय केलेली आहे. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय बरोबर येतात. वन नेशन, वन रेशन कार्डमुळे अन्नसुरक्षा कायद्याचे धान्य दुसऱ्या राज्यातल्या दुकानातही मिळते.

अत्याचाराविरुद्धचे संरक्षणही बरोबर येते. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने स्पष्ट केले की ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण एका राज्याच्या हद्दीपुरते नाही. दुसऱ्या राज्यात गेलेल्या, तिथल्या यादीत नसलेल्या व्यक्तीलाही ते मिळते.

थोडक्यात, आज कायद्याची अवस्था अशी आहे: तुम्हाला जातीवरून मारले तर तुम्ही देशभर अनुसूचित जातीचे. पण शिकायचे आणि पुढे जायचे असेल तर फक्त आपल्या राज्यात.

मागे काय राहते? राज्य सेवा आयोग, जिल्हा परिषद, पोलीस भरती, राज्याच्या महाविद्यालयांतल्या राखीव जागा. विधानसभेची राखीव जागा लढवण्याचा हक्कसुद्धा. लोकसभेची राखीव जागा मात्र दुसऱ्या राज्यातल्या अनुसूचित जातीच्या माणसाला लढवता येते. राज्याच्या पैशाच्या योजना मागे राहतात: रमाई आवास, स्वाधार, बार्टीच्या अधिछात्रवृत्ती, लाडकी बहीण, महात्मा फुले जन आरोग्य योजना. म्हाडाच्या सोडतीला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. बांधकाम कामगार मंडळातली नोंदणीही राज्यवार आहे. इथे भरलेल्या वर्षांवर तिथले मंडळ मुलांची शिष्यवृत्ती देत नाही. पुन्हा काम करा, पुन्हा नोंदणी करा.

स्वाधारचेच उदाहरण घ्या. 2016-17 पासून सुरू असलेल्या या योजनेत, घरापासून दूर राहून शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला 60 हजार रुपये मिळतात. पैसे वेळेवर येत नाहीत, त्यासाठी मोर्चे काढावे लागतात, हे मान्य. तरीही ज्या तीस हजारांसाठी हे कुटुंब इंदूरला जाणार होते, त्याच्या दुप्पट हक्क ते मागे ठेवून जाणार होते.

मुलीची इयत्ता बघा, मग तिकीट काढा

माझ्या अनुभवात निर्णयाची खरी किल्ली भाडे नाही, मुलांची इयत्ता आहे.

महाराष्ट्रातल्या एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारण नियम असा की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी आणि अधिवासही हवा. केंद्र-राज्य कर्मचाऱ्यांच्या मुलांना त्यातून काही सवलती आहेत. कंपनीने दुसऱ्या राज्यात पाठवलेल्या गोदाम कामगाराच्या मुलीला त्या नाहीत. अभियांत्रिकीत आई-वडिलांच्या महाराष्ट्राच्या अधिवासावर थोडी वाट मोकळी आहे, पण त्यासाठी तो अधिवास सिद्ध करणारे कागद हातात हवेत.

आता आठवीतली ही मुलगी इंदूरला गेली, दहावी-बारावी तिथून झाली, तर बारावीनंतर तिची गत काय होईल? मध्य प्रदेशात अनुसूचित जातींना 16 टक्के आरक्षण आहे, पण तिचे आजोबा 1950 मध्ये तिथे नव्हते, म्हणून ती तिथे खुल्या गटात. महाराष्ट्रात 13 टक्के आरक्षण आहे, पण तिची दहावी-बारावी इथली नाही, म्हणून वैद्यकीयच्या राज्य कोट्यात ती इथेही नाही. ना इकडची, ना तिकडची. उरतो तो अखिल भारतीय कोटा, आणि तिथे स्पर्धा देशभराची.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतही हाच गुंता. ही केंद्र पुरस्कृत योजना असली तरी पैसे विद्यार्थ्याचे मूळ राज्य देते. कुटुंब इंदूरला, उत्पन्नाचा दाखला कुठल्या तहसीलचा काढायचा? इथला तहसीलदार म्हणतो तुम्ही इथे राहत नाही, तिथला म्हणतो तुम्ही आमचे नाही. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असूनही मुले अशा वेळी अडकतात, आणि कॉलेज फीसाठी थांबत नाही.

भाषेचा प्रश्न वेगळा. गुजरातने 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली, तेलंगणाने 2018 मध्ये तेलुगू. त्या राज्यांनी आपली भाषा जपावी, यात गैर काही नाही. पण सहावी-सातवीत मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेतून उचललेल्या मुलाचे एक-दोन वर्षांचे नुकसान धरूनच चालावे. पहिली-दुसरीतले मूल पटकन रुळते.

घर, शेजार आणि भिंतीवरचा फोटो

1917 मध्ये बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. पगार होता, पद होते, पण राहायला घर मिळेना. ओळख लपवून पारशी विश्रामगृहात राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. शहरात कुणी आसरा दिला नाही म्हणून बागेत बसून काढलेले ते तास आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. नोकरीसाठी परक्या मुलखात गेलेल्या सुशिक्षित माणसालाही जात आधी भेटते, पगार नंतर, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

आज कुणी लाठी घेऊन येत नाही. घरमालक आडनाव विचारतो, मग गाव, मग "खाण्यापिण्याचं कसं आहे?" असे तीन प्रश्न. मुंबई-पुण्यातही हे होते, त्यामुळे महाराष्ट्र स्वर्ग आणि बाकी नरक असा हा मुद्दा नाही. फरक संख्येचा आहे. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध होते, त्यातले सुमारे 65 लाख एकट्या महाराष्ट्रात. मध्य प्रदेशात सुमारे 2 लाख 16 हजार, गुजरातमध्ये 30 हजारांच्या आसपास. इथे खोली नाकारली तर दुसऱ्या गल्लीत आपला माणूस असतो. तिथे दुसरी गल्ली शोधावी लागते.

कार्यकर्त्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. 8 एप्रिल 2024 च्या परिपत्रकाने गुजरात सरकारने स्पष्ट केले की बौद्ध हा स्वतंत्र धर्म आहे आणि हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात यायचे तर धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मध्य प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात 60 दिवस आधी सूचना द्यावी लागते. जन्माने बौद्ध असलेल्यांना यातले काही लागू नाही. पण तिथे धम्माचे काम करायचे असेल तर कायदा वाचून करावे लागेल.

उलट बाजूही सांगते. सुरतमध्ये खानदेशातल्या आपल्या लोकांच्या वस्त्या आहेत. भिलाई, बालाघाट, हैदराबाद येथे मराठी बौद्धांच्या पिढ्या गेल्या आहेत. जिथे विहार आहे, जयंती होते, तिथे नवे कुटुंब सहा महिन्यांत रुजते. म्हणून शहर निवडताना कंपनीचा पत्ता बघाल तसा विहाराचा पत्ताही बघा.

मग जायचे की नाही?

ज्यांची नोकरी केंद्राची आहे, ज्यांच्या क्षेत्रातले काम हैदराबाद-बंगळूरलाच जास्त पगाराचे आहे, जे एकटे आहेत किंवा ज्यांची मुले अजून लहान आहेत, त्यांनी खुशाल जावे. परत येण्याची वाट आठवी-नववीपर्यंत ठेवावी.

ज्यांची मुले आठवी ते बारावीत आहेत, जे स्वतः राज्यसेवा किंवा पोलीस भरतीची तयारी करत आहेत, ज्यांच्या घरात बाईची कमाई ओळखीवर उभी आहे, त्यांनी फक्त भाडे स्वस्त म्हणून राज्य सोडू नये. एवढेच असेल तर आधी जिल्हा बदलून पाहा. अकोला, नांदेड, लातूर, जळगाव, अगदी नागपूरच्या कडेच्या वस्त्यांतही कल्याण-पुण्यापेक्षा खोली स्वस्त मिळते, आणि एकही हक्क जात नाही. कंपनीला विचारायला काय हरकत आहे?

आणि जायचेच ठरले तर निघण्याआधी हे करा:

- घरातल्या प्रत्येक मुलाचा जातीचा दाखला महाराष्ट्रातून काढा. केंद्रीय नमुन्यातलाही काढा. त्यात जातीचे नाव स्पष्ट हवे. नुसते "बौद्ध" लिहिलेले असेल तर परराज्यातला कारकून फाईल परत करतो.
- 1950 पूर्वीचे पुरावे, आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, यांच्या प्रती भाऊबंदांकडेही ठेवा. रक्तनात्यात कुणाची जात वैधता झाली असेल तर तिची प्रत घ्या.
- महाराष्ट्राचा अधिवास दाखला आत्ताच काढा. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा नंतर गोळा करणे कठीण जाते.
- रेशन कार्डाची आधार जोडणी झाली आहे का बघा. मतदार यादीतले नाव नव्या पत्त्यावर हलवा.
- 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून जनगणना होते आहे आणि यावेळी जातही विचारली जाणार आहे. जिथे असाल तिथे धर्म बौद्ध आणि आपली जात नीट नोंदवा.

मागणी काय करायची?

इथे आपल्याला स्वतःकडेही बघावे लागेल. 1990 आणि 1994 चे दोन्ही खटले महाराष्ट्रात आलेल्या लोकांचे होते. मुंबईत आंध्र, तेलंगणा, उत्तर प्रदेश, गुजरातमधून आलेले सफाई कामगार, चर्मकार, बांधकाम मजूर दोन-तीन पिढ्या इथेच राहिले, त्यांच्या मुलांना इथे राखीव जागा मिळाली नाही. तेव्हा आपण फारसे बोललो नाही. आज तोच दरवाजा इंदूर-सुरतला आपल्या मुलांसमोर बंद होतो आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. गुजरातमध्ये अनुसूचित जातींचे आरक्षण 7 टक्के आहे. तिथल्या वणकर, मेघवाल, वाल्मिकी मुलांच्या त्या थोड्या जागांत बाहेरून आलेल्यांनी वाटा मागितला तर त्यांना तो अन्याय वाटणार. आपल्या 13 टक्क्यांबाबत आपल्यालाही वाटेल. म्हणून "सगळीकडे सगळे आरक्षण" ही मागणी घाईने करण्यापेक्षा, कुणाचाही वाटा न हिरावणाऱ्या मागण्यांपासून सुरुवात करावी असे मला वाटते.

पहिली, शिष्यवृत्तीचा पैसा मुलाबरोबर फिरला पाहिजे. रेशनचे धान्य फिरते, तर फीची रक्कम का नाही? राहत्या राज्याने द्यावी आणि केंद्राने मूळ राज्याशी हिशोब करावा. दुसरी, महाराष्ट्राने परराज्यात कामाला गेलेल्या आपल्या अनुसूचित जातीच्या कामगारांच्या मुलांना दहावी-बारावीच्या अटीतून, कर्मचाऱ्यांच्या मुलांना मिळते तशी सवलत द्यावी. तिसरी, बांधकाम कामगारांची नोंदणी देशभर एक धरावी. चौथी, ज्या मुलाचे सगळे शालेय शिक्षण एकाच राज्यात झाले आहे, त्याच्या हक्काचा प्रश्न संसदेत चर्चेला यावा, आणि ही मागणी करताना महाराष्ट्रात वाढलेल्या परप्रांतीय दलित मुलालाही आपण तोच हक्क द्यायला तयार आहोत, हे आपण आधी सांगावे. नाहीतर आपल्या मागणीत नैतिक बळ राहणार नाही.

तोवर प्रत्येक विहारात एक साधे काम होऊ शकते. वस्तीतून कोणती कुटुंबे परराज्यात गेली, कुठे गेली, याची एक वही ठेवा. नवे कुटुंब निघाले की त्या शहरातल्या आपल्या माणसाचा फोन नंबर त्यांच्या हाती द्या आणि निघण्याआधी कागद तपासून द्या. दोन तरुणांनी रविवारी एक तास दिला तरी पुरे.

त्या जोडप्याचा निर्णय अजून झालेला नाही. नवऱ्याने कंपनीत जळगाव किंवा नाशिकच्या गोदामाची चौकशी केली आहे, उत्तराची वाट बघत आहेत. मागच्या रविवारी बायको वही घेऊन आली. भाड्याच्या पानामागे तिने दुसरे पान केले होते. वर मुलीचे नाव, खाली आठवीपासून बारावीपर्यंतची वर्षे, आणि प्रत्येक वर्षासमोर लागणारा कागद. तो हिशोब तिने स्वतः मांडला होता. आपल्यातल्या प्रत्येक घराने तिकीट काढण्याआधी तो मांडावा.

जय भीम, नमो बुद्धाय.